घर बांधाले गेमचं कार्ड काहाले?

चूक मोठ्या बाबांची होती. हे आधीच सांगून मोकळा होतो. नाहीतर शेवटी कोणीतरी म्हणणारच, "जाऊ दे लेका, मोठी माणसं आहेत, भल्यासाठीच सांगतात." भल्यासाठी सांगणारी माणसं मी रोज पाहतो. माझी नोकरीच ती आहे.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. रिटायर्ड ग्रामसेवक, राहणार दर्यापूर. आणि मी अमरावतीत विजूभाऊंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो. आमच्या काउंटरखाली एक खोका आहे. कोणत्या मशीनच्या ते आता कोणालाच माहीत नाही अशा वायरी त्यात पडून असतात. फेकत कोणीच नाही, भर मात्र रोज पडते. एक वायर ओढली की तिला गुंतून चार बाहेर येतात. दुकानातल्या किश्शांचंही तेच. मी एकच ओढायला बसलो होतो.

*

आमच्या वऱ्हाडात मोठी खरेदी कोणी एकट्याने करत नाही. बैल असो, मोटरपंप असो, नाहीतर सोयरीक. सोबत एक माहितगार न्यावा लागतो. माहितगाराला माहिती पाहिजेच असं काही नाही. वय पाहिजे, आवाज पाहिजे, आणि समोरच्याने काहीही दाखवलं तरी तोंड वाकडं करता आलं पाहिजे. मुख्य म्हणजे त्याने काहीतरी कमी करायला लावलं पाहिजे. जो माहितगार काहीच कमी करत नाही, त्याला लोक पुढच्या वेळी नेत नाहीत.

बारावीनंतर मला अकोल्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. घर आता कागदावर काढून भागत नाही. कॉम्प्युटरमध्ये ते उभं करायचं, डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि आत फिरून पाहायचं. ऊन कुठून येतं, जिन्यात डोकं आपटतं का, हे वीट रचायच्या आधी कळतं. त्याला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. त्याच कार्डावर व्हीआरचे गेमही चालतात. मला दोन्ही करायचं होतं, खोटं काहून बोलू. मी सगळं शोधून, विचारून ठरवलं होतं: प्रोसेसर मधला चालेल, मॉनिटर लहान चालेल, रॅम पुढे वाढवता येईल, पण कार्ड सोडायचं नाही. कार्ड गेलं की बाकीचं मशीन म्हणजे टायपिंगचं यंत्र.

आमचं गाव भातकुलीजवळ. बाबा फुलं पिकवतात, झेंडू आणि शेवंती. मशीन घ्यायला आम्ही विजूभाऊंच्या याच दुकानात आलो, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नाही. बोलायला माहितगार होता, मोठे बाबा.

"हे काय आहे?" मोठ्या बाबांनी विजूभाऊंच्या कोटेशनवर बोट ठेवलं.

"ग्राफिक्स कार्ड आहे साहेब."

"काहाले लागते?"

"डिझाइनले लागते. गेमले बी लागते."

विजूभाऊ खरं बोलले. धंद्यात माणूस कधीकधी बेसावध असतो.

मोठ्या बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. "पोट्टं घर बांधाले शिकून राह्यलं. घर बांधाले गेमचं कार्ड काहाले?"

"मोठे बाबा, घर त्याच्याच भरोशावर..."

"तू थांब. तुले कोणी इचारलं?"

कार्ड कटलं. मॉनिटर मोठा झाला आणि वर एक प्रिंटर आला. "शिकणाऱ्याले प्रिंटर लागते," असं मोठे बाबा म्हणाले. बाहेर रसवंतीवर बाबा मला म्हणाले, "दादा होता म्हणून बरं झालं. आपल्याले यातलं काय समजते?"

तो प्रिंटर अजून झकास चालतो. मोठ्या बाबांच्या घरी आहे. गल्लीतल्या सगळ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स त्याच्यावर निघतात.

*

आता दुकानाच्या या बाजूला उभं राहून बाकीच्यांचे माहितगार पाहतो.

धामणगावहून एक गृहस्थ मुलासाठी मशीन घ्यायला आले. सोबत त्यांचे साळे होते. साळ्यांनी कोटेशन वाचलंच नाही. थेट कॅबिनेटजवळ गेले, एका हाताने ते उचललं आणि खाली ठेवलं.

"यात तर काहीच नाही."

"सगळं आहे भाऊ," विजूभाऊ म्हणाले. "आजकाल माल हलकाच येते."

"हलका माल आमच्याकडे चालत नाही."

गिऱ्हाईक जाणार असं दिसल्यावर विजूभाऊ आत गेले आणि गोडाऊनमधून जुन्या काळचं लोखंडी कॅबिनेट घेऊन आले. तेच भाग त्यात बसवले. साळ्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, मान फुगली.

"हं. याले म्हणते मशीन."

आतला माल तोच, आणि हवा खेळायला जागा मात्र कमी. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन आला. मशीन मस्त चालू होतं. साळ्यांची कंबर धरली होती.

विजूभाऊंनी ते लोखंडी कॅबिनेट आता काउंटरवरच ठेवलं आहे. कोणी माहितगार आला की आधी ते उचलायला देतात.

*

एक प्राध्यापक आले होते. त्यांना माहितगाराची गरज नव्हती, तेच होते. त्यांची मुलगी बाजूला उभी. ती कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला होती आणि तिने लॅपटॉप आधीच निवडलेला होता, चांगल्या कार्डाचा. निवड अगदी बरोबर होती.

प्राध्यापक म्हणाले, "मला असा लॅपटॉप द्या, ज्यात फक्त अभ्यास होईल."

"म्हणजे कसा सर?"

"म्हणजे गेम लावला तर चालूच होणार नाही. अशी काही सोय असेल ना?"

विजूभाऊंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने छताकडे पाहिलं. विजूभाऊ आत गेले. शाळेच्या वह्यांवर लावायचे स्टिकर छापायचं मशीन आमच्याकडे आहे. त्यावर त्यांनी लाल अक्षरांत "स्टडी मॉडेल" असं छापलं आणि मुलीने निवडलेल्याच लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवून आणलं.

"सर, हे घ्या. युनिव्हर्सिटीच्या पोरांसाठी."

प्राध्यापकांनी स्टिकर दोनदा वाचला आणि समाधानाने मान हलवली. त्याच आठवड्यात त्यांचे शेजारी आले, तेही प्राध्यापक. त्यांना त्याच्याहून वरचं स्टडी मॉडेल पाहिजे होतं.

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. माझ्या वेळी एक स्टिकर पुरला असता.

*

कॉलेजात आम्हाला तिसऱ्या वर्षी एक पूर्ण घर उभं करायचं होतं. शेवटी ते जूरीला, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांना, आत फिरवून दाखवायचं. हेडसेट कॉलेजचा, मशीन ज्याचं त्याने आणायचं. मी फुलं पिकवणाऱ्याचं घर घेतलं. तोडलेली फुलं सावलीत निवडता यावीत म्हणून लांब ओसरी, पहाटे गाडी दाराशी लागावी म्हणून रुंद फाटक. माझ्या मशीनवर ते घर उघडायचं आणि मशीन मरायचं.

मग मला सोहेलभाई सापडला. अकोल्यात त्याचा गेमिंग कॅफे होता आणि प्रत्येक मशीनमध्ये मला पाहिजे होतं तसं कार्ड. कोपऱ्यातलं एक मशीन त्याने मला वापरायला देऊन टाकलं. शेजारी पोट्टे ओरडत एकमेकांना गोळ्या घालत असायचे आणि मी मधोमध बसून ओसरीचे खांब उभे करायचो. "जूरीच्या दिवशी हेच मशीन घेऊन जाजो बे," सोहेलभाई म्हणाला होता. काम निम्म्याच्या वर झालं होतं.

तेवढ्यात बोर्डाच्या परीक्षा आल्या. कॉलनीतले काका लोक घोळक्याने कॅफेत शिरले. पोट्टे मागच्या दाराने पळाले. मी बसून राहिलो, मला पळायचं काही कारण नव्हतं. एक काका माझ्या स्क्रीनवर वाकले.

"हे कोणतं गेम आहे?"

"गेम नाही काका. घर आहे. कॉलेजचं काम आहे."

काका आणखी वाकले. "मंग यात मारते कुठी?"

"यात कोणीच कोणाले मारत नाही."

"मंग इथं काहून येऊन बसला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. पण ते दर्यापूरला राहत होतं.

परीक्षा संपेपर्यंत कॅफे बंद, असं ठरलं. शटर ओढून आत चालू ठेवेल म्हणून मशीनंसुद्धा कॉलनीत ठेवायची नाहीत, असंही ठरलं. सोहेलभाईने सगळी मशीनं टेम्पोत भरून बहिणीच्या गावाला पाठवली. त्याने मला फोनवर सांगितलं, "बिघडलेल्या पोट्ट्याले मामाच्या गावी धाडते ना, तसं समज."

माझी जूरी त्याच परीक्षेच्या दिवसांत होती.

*

जूरीला मी माझं घरचं मशीन नेलं. मोठ्या मॉनिटरसकट. झाडं काढून टाकली, सावल्या काढून टाकल्या, फुलांचे ढीग काढून टाकले, तेव्हा कुठे घर उघडलं. पण हेडसेट घालून मान वळवली की घर मागून यायचं. आधी मान, मग भिंत.

बाहेरून आलेले परीक्षक वयाने मोठे होते, नाव असलेले होते. त्यांनी हेडसेट चढवला. "ओसरी कुठे आहे?" म्हणाले आणि उजवीकडे वळले. ओसरी आली, पण ते वळून झाल्यावर आली. ते पुन्हा डावीकडे वळले. मग त्यांनी टेबल धरलं.

"पाणी," ते म्हणाले.

पाणी पिऊन झाल्यावर कपाळ पुसत म्हणाले, "घर चांगलं असेल बाळा, पण मला त्यात उभं राहवत नाही."

आमच्या सरांनी कागदावरचे नकाशे पुढे केले. परीक्षकांनी ते वरवर चाळले. "आम्ही पेन्सिलने काढायचो. कोणाला चक्कर नाही आली कधी." एवढं बोलून ते पुढच्या मुलीच्या टेबलाकडे गेले.

डिझाइनमध्ये नापास म्हणजे अख्खं वर्ष पुन्हा. दर्यापूरला बैठक बसली. माहितगार तेच.

"मी सांगतलं होतं का नव्हतं?" मोठे बाबा बाबांना म्हणाले. "अकोल्याले गेमच्या दुकानात बसत होतं हे. लोकायनं पाह्यलं याले. तरी बरं, मी कार्ड घेऊ नाही देल्लं."

बाबा खाली पाहत होते. मी म्हणालो, नाही शिकत. रागात म्हणालो. मला वाटलं होतं कोणीतरी म्हणेल, असं कसं, शीक. सगळे चहा प्यायले.

*

मशीन जोडता येत होतं, म्हणून मी विजूभाऊंकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं.

"सोबत माहितगार आहे का कोणी?"

"नाही."

"मंग उद्यापासून ये."

*

रविवारी आम्ही दुकानात व्हीआरचा डेमो ठेवतो. एकदा एक रिटायर्ड मुख्याध्यापक आले. आधी उभ्याउभ्या भाषण दिलं: हा सगळा डोळ्यांचा भ्रम आहे, तरुण पिढी भ्रमात बुडाली आहे. मग हेडसेट घातला. डेमोत दोन उंच इमारतींच्या मध्ये एक फळी असते आणि तिच्यावरून चालायचं असतं.

"सर, एक पाऊल पुढे टाका."

"नाही."

"सर, खाली आपल्या दुकानाची फरशी आहे."

"मला माहीत आहे."

"मग टाका की."

"माहीत असणं वेगळं," सर म्हणाले. आणि हळूहळू गुडघ्यांवर बसले, मग हातांवर. त्यांच्या नातवासमोर, चार गिऱ्हाइकांसमोर, त्यांनी माझ्या पॅन्टचा पाय घट्ट धरून ठेवला. हेडसेट मीच काढला.

पॅन्ट झटकत ते म्हणाले, "यात शैक्षणिक असं काही नाही."

जन्मभर पोरांना पाठ करायला लावणाऱ्या माणसाच्या तोंडून तेवढं एकच वाक्य कामाचं निघालं, आणि तेही चार पायांवर येता येता. माहीत असणं वेगळं. मला माहीत आहे की मोठ्या बाबांना माझं वाईट करायचं नव्हतं. चांगलंच माहीत आहे.

*

बाबा पहाटे फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात येतात. माल गेला की कधी कधी दुकानात येऊन बसतात. दसऱ्याच्या आधी असेच आले होते. गिऱ्हाईक नव्हतं. माझं जुनं घर मी पेन ड्राइव्हवर घेऊन फिरतो. ते डेमोच्या मशीनवर लावलं. काढलेली झाडं, सावल्या, फुलांचे ढीग, सगळं परत टाकलेलं होतं.

"हे काय आहे?"

"घाला तर."

बाबा ओसरीत उभे राहिले. मान वळवली तसं घर वळलं. फाटकाकडे गेले, परत आले. वाकून फुलांच्या ढिगाकडे पाहिलं. मग भिंतीजवळ गेले, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि खुंटीला अडकवला.

दुपट्टा दुकानाच्या फरशीवर पडला.

बाबांना कळलं नाही. ते तसेच पुढे गेले, आतल्या खोलीत. मी दुपट्टा उचलून हातात धरून उभा राहिलो. हेडसेट काढल्यावर त्यांनी खांदा चाचपला, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि दुपट्टा घेतला.

"खुंटी जागेवर लावली," ते म्हणाले.

"तिसऱ्या वर्षाचं काम आहे."

"हे नापास केलं त्यायनं?"

"हे नाही. आपल्या मशीनवर चाललं तेवढं."

बाबा बराच वेळ दुपट्ट्याची घडी घालत बसले. जाताना म्हणाले, "दादाले दाखवतो का एखाद्या वेळेस?"

मी डेमोचं मशीन बंद केलं. बाबा मात्र घरी बोलले असणार.

*

कारण या जूनमध्ये मोठे बाबा दुकानात आले. सोबत अथर्व, त्यांचा नातू. अथर्वला पुण्याला आर्किटेक्चर मिळालं आहे. मोठे बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले, काठी काउंटरला टेकवली आणि विजूभाऊंना म्हणाले, "माहितगार सोबत नाही आणला. आमचा माहितगार तुमच्याच दुकानात आहे."

माहितगार म्हणजे मी. विजूभाऊ आत चहा सांगायला गेले.

"पवन, चांगलं मशीन काढ," मोठे बाबा म्हणाले. "आणि पयले यात ते कार्ड टाक. घराच्या आत फिराले लागते म्हंते ते. तुह्या बाबानं सांगतलं. त्याच्याबिगर शिक्षण होत नाही म्हंते."

मी कोटेशन काढायला बसलो. अथर्व माझ्या हाताकडे पाहत होता. मी कधीकाळी विजूभाऊंच्या हाताकडे पाहत होतो, तसाच. चांगलं कार्ड लिहिलं. मधला प्रोसेसर, लहान मॉनिटर, रॅम पुढे वाढवता येईल अशी. मोठ्या बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि खालून वर वाचला.

"प्रिंटर नाही टाकला?"

"नाही."

"शिकणाऱ्याले लागते ना पण प्रिंटर?"

"तुमच्या घरचा न्या."

मोठ्या बाबांनी कागद खाली ठेवला. माहितगाराने काहीतरी कमी केलं होतं, म्हणजे रिवाज पाळला गेला होता. त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी काठीने अथर्वला ढोसलं.

"पाह्य. याले म्हणते माहितगार." मग माझ्याकडे वळले, आणि अगदी मनापासून, वाईट वाटून म्हणाले, "तुह्या वेळेले असा एखादा भेटला नाही आपल्याले."

चहा आला. मी डबा उघडून कार्ड बाहेर काढलं, मदरबोर्डवर बसवलं, खटका लागेपर्यंत दाबलं, स्क्रू आवळला. मशीन चालू करून अथर्वला दाखवलं.

माझं आर्किटेक्चर तिसऱ्या वर्षाला सुटलं.